एकेचाळीस बाण

मला पसारा बघवत नाही. कोणाची कॉलर मुडपलेली दिसली की बोलता बोलता माझा हात तिकडे जातो, मग समोरचा ओळखीचा असो वा नसो. भिवंडीतल्या टेमघरला आमच्या इमारतीच्या जिन्यात रोज कोणीतरी चपला विस्कटून ठेवतं आणि मी रोज त्या जोडीनं लावते. शेजारणी हसतात. हसोत बापड्या. पण हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते या खोडीपायी झालं. दारू नव्हती, आळस नव्हता, कोणी कोणाला विकलेलं नव्हतं. तसलं काही असतं तर मला निदान कोणावर तरी ओरडता आलं असतं.

मी प्रमोदिनी. पंधरा वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि मग पोरांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा बघून मलाच कंटाळा आला. आता एका खाजगी कंपनीत आहे. भर समुद्रात काम करणाऱ्या बोटींना वारा किती सुटेल, लाटा किती उठतील, हे आम्ही कळवतो. आमची कचेरी मानकोलीच्या अलीकडं गोदामांच्या एका कॉम्प्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर आहे. खाली मिक्सर आणि पंख्यांचे खोके, वर आम्ही आणि अरबी समुद्र. खिडकीतून पत्रे आणि कंटेनर दिसतात. समुद्र आम्ही पडद्यावर बघतो. माझा भाऊ म्हणतो, लोक उंटावरून शेळ्या हाकतात, तू उपग्रहावरून हाकतेस.

काम सांगायला सोपं आहे. उपग्रह आठशे किलोमीटर वरून जातो आणि खाली रडारचा झोत सोडतो. वारा सुटला की पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात, बोटभर लांबीच्या. वारा जितका जोरात तितकं पाणी खरबरीत, आणि तितका जास्त झोत वर परत येतो. त्यावरून वाऱ्याचा वेग कळतो, अगदी भरवशानं कळतो. लाटांची उंची दुसरा उपग्रह मोजतो. पंचाईत असते ती वाऱ्याच्या दिशेची. सुरकुत्या पुढून बघा की मागून, जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यामुळं संगणकाला बऱ्याच ठिकाणी दोन उत्तरं मिळतात, एकमेकांच्या बरोबर उलटी. त्यातलं खरं कुठलं, ते तो हवामानाच्या अंदाजाशी ताडून ठरवतो आणि नकाशावर तिथं एक बाण काढतो. जिथं त्याचा गोंधळ होतो तिथं माणूस बसवलेला असतो. तो माणूस मी.

लडकूभाऊ आमच्या कचेरीची गाडी चालवायचे. ते अकलोलीचे, म्हणजे वज्रेश्वरीच्या शेजारचे. सकाळी साडेआठला टेमघरच्या नाक्यावर गाडी उभी म्हणजे उभी, सहा वर्षांत एकदाही मला थांबावं लागलं नाही. थोडी भातशेती, बाकी ही नोकरी. थोरला मुलगा हरेश भिवंडीत लूमवर होता. शेठनं लूम भंगारात काढले तेव्हा तो वेल्डिंग शिकला, आणि कोणा कंत्राटदारानं त्याला समुद्रातल्या बार्जवर काम देऊ केलं. त्या दिवशी लडकूभाऊंनी गाडी चालवता चालवता मला विचारलं होतं.

"बाई, पोरगं दर्यात जायचं म्हनतं. आमच्यात कोन गेला न्हाय कवा. आमी तानसेच्या पान्यात पोहनारी मानसं. पाठवू का?"

"पाठवा," मी म्हटलं. "त्या बोटींना अंदाज आम्हीच देतो. समुद्रावर माझी नजर असते."

नजर असते, असं म्हणाले मी. शिक्षिकेची सवय, दोन शब्द जास्त बोलल्याशिवाय वाक्य संपत नाही. लडकूभाऊंनी ते घरी जाऊन सांगितलं आणि घरच्यांनी ते देवाच्या कौलासारखं धरलं. जाण्याआधी हरेश बायकोला, भावनाला, घेऊन कचेरीत पेढे द्यायला आला. सव्वीस-सत्तावीसचा, दंडावर ठिणग्यांचे डाग. पडद्यावरचे बाण बघून त्यानं विचारलं, "यात मी कुठं असंन?" मी पडद्यावर बोट टेकवलं. तो हसला आणि भावनाला म्हणाला, "बघितला? हितं हाय मी."

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. यंदा मे महिन्यात समुद्रात वादळ उठलं. आम्ही इशारा दिला होता, बार्ज मात्र किनाऱ्याला यायला एक दिवस उशिरा निघाली. का निघाली त्याची चौकशी चालू आहे आणि ती चालूच राहील. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ती बार्ज ओढणारी टग बोट बुडाली. टगवर अकराजण होते. सातजणांना जवळच्या दुसऱ्या बोटीनं लगेच उचललं. चौघं लाइफ जॅकेटसह लाटांमध्ये दिसेनासे झाले. त्यात हरेश होता, वेल्डिंगच्या कामासाठी तो आदल्या दिवशीच बार्जवरून टगवर गेला होता.

शुक्रवारी सकाळी साडेआठला गाडी नाक्यावर उभी होती. मी चकित झाले.

"लडकूभाऊ, तुम्ही कशाला आलात?"

"घरी बसून काय करू? बाया रडतात. तुमच्याजवळ असलेला बरा. तुमालाच पहिला कळंल."

ते खालीच थांबले, खोक्यांच्या थप्पीला टेकून. मी त्यांना वर बोलावलं नाही. वर येऊन ते माझ्या पाठीशी उभे राहिले असते आणि मला काम सुचलं नसतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

शोधणाऱ्या बोटींना आणि हेलिकॉप्टरला एकच गोष्ट हवी होती, माणसं वाहत कुठं गेली असतील. पाण्यातला माणूस वाऱ्यामागं आणि प्रवाहामागं जातो, तासाला दोन-अडीच किलोमीटर. वाऱ्याची दिशा बरोबर दिली तर समुद्राचा एक तुकडा चाळून माणूस सापडतो. बार्जवरचं वारा मोजायचं यंत्र आदल्या दिवशीच मोडलं होतं. म्हणून सगळ्यांचे डोळे उपग्रहाकडे, म्हणजे माझ्याकडे.

साडेनऊला उपग्रह त्या पाण्यावरून गेला. साडेअकराला आकडे आमच्याकडे आले आणि पडद्यावर बाण उमटले. वादळात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. केंद्र तुमच्या पश्चिमेला असलं तर वारा तुम्हाला उत्तरेकडे ढकलतो, पूर्वेला असलं तर दक्षिणेकडे. अंदाजात केंद्र टगच्या पश्चिमेला होतं आणि त्याप्रमाणं बहुतेक बाण उत्तरेकडे तोंड करून उभे होते. मधेच एक पट्टा मात्र उलटा होता. बरोबर टग बुडाली त्या भागात, दक्षिणेकडे तोंड केलेले बाण. मी मोजले, एकेचाळीस.

आमच्याकडचा अनिमेष संगणकाचं बघतो. हुशार मुलगा आहे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो मागं येऊन उभा राहिला.

"मॅडम, हे उलटे का आलेत?"

"पाऊस पडतोय तिथं. पावसात झोत बिघडतो, कचरा येतो. साफ करते मी."

"एकदा ताडून बघायचं का?"

"कशाशी ताडणार? बोटी निघायच्या खोळंबल्यात, अनिमेष."

ताडायला सातजण होते. वाचलेली सात माणसं त्याच वेळी बंदरावर चहा पीत बसली होती. एकाला फोन करून विचारलं असतं, वारा कुठल्या अंगानं लागत होता, तर त्यानं झोपेतही सांगितलं असतं. पण पडद्यावर दिसत असताना माणसाला विचारायची आमच्यात पद्धत नाही. माणूस घाबरलेला असतो, माणूस चुकतो, असं मीच नव्या पोरांना शिकवत आलेय. मी ते एकेचाळीस बाण एकेक करून निवडले आणि उत्तरेकडे वळवले. सगळे कसे एका रांगेत आले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

साडेबाराला नकाशा गेला. त्या दुपारी बोटी आणि हेलिकॉप्टर टग बुडाल्या जागेपासून चाळीस किलोमीटर उत्तरेला पाणी चाळत होते. एक चप्पलसुद्धा सापडली नाही.

संध्याकाळी लडकूभाऊ मला घरी सोडत होते तेव्हा कंत्राटदाराचा फोन आला. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि फोन माझ्यापुढं धरला, दोघांना ऐकू यावा म्हणून. शोध चालू ठेवू, पण आशा धरू नका, असं तो म्हणाला. फोन बंद झाल्यावर लडकूभाऊ बराच वेळ समोरच्या कंटेनरच्या मागच्या दाराकडे बघत बसले.

"बाई, तुमाला काय वाटता?"

मी त्यांना खोटा धीर देणार नव्हते. खोटा धीर देणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. मी म्हटलं, "लडकूभाऊ, तो सगळा भाग नीट शोधलाय. पाण्यावर असता तर सापडला असता."

त्यांनी मान हलवली आणि घरी फोन लावला. "रंगू," ते बायकोला म्हणाले, "बाईबी तसाच म्हनतात."

शनिवारी उपग्रह पुन्हा त्या पाण्यावरून गेला. या वेळी वादळाचं केंद्र उपग्रहाला दिसणाऱ्या भागाच्या अगदी मधोमध आलं, बाणांचं गोल रिंगण स्पष्ट दिसलं. ते अंदाजापेक्षा एकशेवीस किलोमीटर पूर्वेला होतं. मी कालचा नकाशा काढला आणि शेजारी ठेवला. म्हणजे कालही केंद्र टगच्या पूर्वेलाच होतं, आणि मग टगपाशी वारा दक्षिणेकडेच जाणार, दुसरीकडे जाऊच शकत नाही. त्या सगळ्या नकाशात फक्त ते एकेचाळीस बाण खरं बोलत होते. आणि त्यांना मी गप्प केलं होतं.

अनिमेषनं नवा नकाशा केला, मी नुसती बघत होते. एक वाजता बोटी दक्षिणेकडे वळल्या. सूर्य मावळताना त्यांना टगवरचा खानसामा जिवंत सापडला. रविवारी सकाळी त्याच्यापुढं आठ किलोमीटरवर हरेश सापडला, जिवंत नव्हे. तिसऱ्याचा देह सोमवारी मिळाला, चौथा मिळालाच नाही.

खानसामा बिहारकडचा होता. कंपनीच्या अहवालासाठी मी आणि अनिमेष त्याला मुंबईच्या इस्पितळात भेटलो. त्याचे ओठ फुटले होते, मिठानं गळ्याची कातडी सोलली होती. गुरुवारी रात्री तो आणि हरेश एकमेकांना सापडले आणि त्यांनी जॅकेटचे पट्टे एकत्र बांधले. शुक्रवारचा अख्खा दिवस दोघं बोलत होते. शनिवारी सकाळी ऊन चढल्यावर हरेश बोलायचा थांबला. दहाच्या सुमारास एक मोठी लाट आली, पट्टा तुटला.

"वो डरा नहीं मॅडम," खानसामा म्हणाला. तो मला ओळखत नव्हता. "बोलता था, हिलो मत, यहीं रहो. हमारी एक मॅडम है, ऊपर से देखती है."

मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. अनिमेष पाण्याची बाटली घेऊन आला. खानसामा त्याच आठवड्यात गावी निघून गेला आणि त्यानं जे सांगितलं ते आम्हा दोघांपाशी राहिलं.

अहवालात अनिमेषनं लिहिलं, 'वाऱ्याच्या दिशेच्या स्वयंचलित निवडीतील मर्यादांमुळे प्राथमिक नकाशात तफावत राहिली.' मी ते वाचलं आणि कागद त्याच्यापुढं आपटला.

"स्वयंचलित? मी हातानं फिरवले ते बाण."

"मॅडम, मशीननं बाकी सगळे चुकीचे निवडले होते. तुम्ही चाळीसेक फिरवलेत. फरक काय?"

"फरक हा की ते चाळीसेक बरोबर होते."

"तेवढ्याशा बाणांवर कोणीच सगळा नकाशा बदलला नसता. मीसुद्धा नाही." मग तो म्हणाला, "त्या घरात जाऊन सांगू नका. त्यांना कंत्राटदारानं सांगितलंय की तो बोटीबरोबरच गेला, त्रास झाला नाही. तेवढंच त्यांच्या हातात आहे. तुम्ही मोकळ्या व्हाल हो, पण ते काय करतील?"

पोरगं खरं बोलत होतं. मला राग आला तो त्याचाच. मी अहवालावर सही केली.

त्या घरात तर वेगळंच चाललं होतं. सगळीकडं झालं होतं की बाईंनी दुसऱ्या दिवशी नवा नकाशा काढला म्हणून हरेशचा देह मिळाला, नाहीतर अग्नीसुद्धा नशिबात नव्हता. लडकूभाऊ मला फोनवर म्हणाले, "तुमच्यामुळं माझा पोर घरी आला." आयुष्यात मला कोणी इतकं मोठं काही म्हटलेलं नाही. मी "ठेवते" म्हणून फोन ठेवला.

बाराव्याला मी अकलोलीला गेले. न जाऊन सांगणार काय? एसटीनं वज्रेश्वरीपर्यंत, पुढं रिक्षा. अंगणात मांडव होता. लडकूभाऊंनी मुंडण केलं होतं, एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. सदऱ्याची कॉलर उलटी झाली होती आणि माझा हात उठला, पण मी तो खाली घेतला. त्यांनी मला पहिल्या पंगतीत बसवलं, सोयऱ्यांच्याही आधी. रंगूबाई स्वतः वाढायला आली. बुटकी, घट्ट बांध्याची बाई. तिनं माझ्या पानात भात वाढला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

जेवणं झाली, पाहुणे पांगले. आतल्या खोलीत घरचेच उरले. लडकूभाऊ, रंगूबाई, भिंतीशी बसलेली भावना, लडकूभाऊंची विधवा बहीण हौसा आणि धाकटा मुलगा सागर. सागर गोदामात खोक्यांवरचे कोड स्कॅन करतो, जेमतेम तेवीसचा. भावना सासूच्या अंगाला अंग लावून बसली होती. आल्यापासून मी बघत होते, ती रंगूबाईला सोडतच नव्हती. रंगूबाई पाण्याला उठली तरी हिची नजर तिच्या मागं.

लडकूभाऊ म्हणाले, "बाई, एक विचारायचा हाय. कंत्राटदार आलता. हरेशच्या जागंवर सागरला घेतो म्हनतो. पगार जास्ती देतो. रंगू न्हाय म्हनत व्हती. मी तिला म्हटला, बाई हाईत ना. वारा वादळ त्यांच्या हातात नसंल, पन नजर तर हाय. हरेशची येळच भरली व्हती, त्याला कोन काय करनार. याला पाठवू का?"

सहा वर्षं गाडी चालवताना विचारायचे तसंच विचारलं, पुढं बघत. मी सागरकडे बघितलं. तो खुशीत नव्हता आणि नाराजही नव्हता, घर जिकडं ढकलेल तिकडं जाणार होता. 'नका पाठवू' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं का? त्यांनी 'का' विचारलं असतं. मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं असतं, कंत्राटदारानं पगार आणखी वाढवला असता, आणि हा पोरगा माझ्या भरवशावर पाण्यात गेला असता.

"लडकूभाऊ," मी म्हटलं, "माझ्या नजरेवर कोणाला पाठवू नका. शुक्रवारचा नकाशा मी चुकवला."

त्यांना कळलं नाही. "मंग शनिवारी बरोबर केला ना तुमी."

"नीट ऐका. नांगरलेलं शेत लांबून बघितलं तर तासं दिसतात. बैल कुठून कुठं गेले ते कळतं का?"

"न्हाय कळत. जवळ जाऊन खुर बघाय लागतात."

"उपग्रहाला पाण्यावरची तासं दिसतात. वारा कुठून कुठं गेला ते नक्की कळत नाही. मशीननं हरेशच्या इथं वारा दक्षिणेला दाखवला होता. मला तो उलटा वाटला. मी खुर बघितले नाहीत, कोणाला विचारलं नाही. माझ्या हातानं मी तो उत्तरेला फिरवला. शुक्रवारभर बोटी उत्तरेला शोधत होत्या आणि हरेश दक्षिणेला होता. मी ते फिरवलं नसतं तर बोटी कदाचित त्याच्याकडे गेल्या असत्या."

लडकूभाऊ शेतकरी माणूस, त्यांना सगळं समजलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि मी मनातल्या मनात म्हटलं, आता बोला. शिव्या द्या, हाकलून द्या, मारा. त्यासाठीच मी आले होते, हे मला तेव्हा कळलं.

बोलली ती रंगूबाई. "बोटी गेल्या असत्या तर काय, बाई? त्यो तर बोटीसंगतीच गेलता. कंत्राटदार म्हनला, कायबी कळला न्हाय त्याला."

इथं मी गप्प बसू शकले असते. अर्धं सांगून झालं होतं, सागर वाचला होता. पण अर्धवट काही ठेवणं मला जमत नाही.

"तो लगेच गेला नाही, रंगूबाई. त्याच्याबरोबरचा माणूस वाचला, त्यानं मला सांगितलं. हरेश शनिवारी सकाळी दहापर्यंत जिवंत होता. चाळीस तास." वरून बघणाऱ्या मॅडमबद्दल तो जे बोलला ते मात्र मी सांगितलं नाही. तेवढं मी माझ्यापाशी ठेवलं.

लडकूभाऊंनी डोळे मिटले. भावनाचा हात सासूच्या हातावर घट्ट आवळला गेला. रंगूबाई माझ्याकडे बघत होती आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती.

"शुक्रवारी सांजच्याला त्यो जिता व्हता?"

"होय."

"दिवा लावायच्या वख्ताला?"

मला कळेना ती वेळ का विचारतेय.

हौसा कोपऱ्यातून म्हणाली, "रंगू, नको आता."

"तू नको म्हनत व्हतीस," रंगूबाई तिला म्हणाली. "परेत येऊ दे, मंग करू, म्हनत व्हतीस. मीच ऐकला न्हाय." मग माझ्याकडे वळून ती अगदी शांतपणे सांगू लागली, शेजारणीला रोजचं काही सांगावं तशी. "ह्यांचा फोन आला, बाईबी तसाच म्हनतात. मंग मी म्हटला, दर्यात हाय माझा पोर, परेत कवा मिळंल का न्हाय मिळंल. बायकोच्या अंगावर सौभाग्य ऱ्हाईला तर जीव अडकून ऱ्हाईल त्याचा, घुटमळत ऱ्हाईल पान्यात. मोकळा करा त्याला. भावना न्हाय म्हनत व्हती, पाय धरीत व्हती माझे. मी तिचा हात धरला आन् हौसाला बांगड्या फोडाय लावल्या. कुंकू मी माझ्या हातानं पुसला. दिवा लावायच्या वख्ताला."

"रंगूबाई, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"त्यो तकडं जीव धरून व्हता आन् मी हितं सोडवत व्हते त्याला."

"अहो, ऐका माझं," मी ओरडले. मी खरंच ओरडले, मेलेल्याच्या घरात. "तुमच्या बांगड्यांनी काही झालेलं नाही. वारा होता, पाणी होतं आणि माझी चूक होती. माझी. मी फिरवले ते बाण. मी तुमच्या नवऱ्याला सांगितलं की तो असता तर सापडला असता, म्हणून तुम्ही ते केलंत. मला बोला काय बोलायचं ते."

ती माझ्याकडे बघत होती, पण दया आल्यासारखी. "तुमचा काय, बाई. तुमी परक्या. तुमी मशीनवर बघून सांगितला. मी आई हाय."

लडकूभाऊ म्हणाले, "रंगू, गप." पण तेही तिच्याकडे बघत नव्हते. पंधरा वर्षं मी वर्गात उभी राहून कारण आणि परिणाम शिकवत होते. आता खरं कारण या खोलीत, त्यांच्या पुढ्यात बसलं होतं, आपणहून हात वर करून, आणि त्याच्याकडं कोणी ढुंकून बघत नव्हतं. मला माझे शब्द परत घ्यायचे होते. शुक्रवारी दुपारीच गेला, मी चुकले, मोजण्यात चुकले, असं खोटं बोलायला मी तोंड उघडलं. पण शनिवार मी आधीच सांगून बसले होते, तोही दहा वाजेपर्यंतचा, चाळीस तासांच्या हिशेबासकट.

भावनानं सासूच्या हातावरचा आपला हात काढून घेतला. ती उठली, पदर सावरला आणि खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसली, रंगूबाईकडे पाठ करून. रंगूबाईनं तिला हाक मारली नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली.